मार्टिनसाहेबाची तिखाडी

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत काटोलहून कोंढाळीकडे जाणाऱ्या रस्त्याने कधी गेलात, तर एखाद्या मुरमाड टेकडीपाशी जरा थांबा. पाऊस सरलेला असतो, शेतात कपाशी फुटायला लागलेली असते आणि उतारावर पुरुषभर उंचीचे एक गवत तांबूस तुरे घेऊन उभे असते. त्याचे एक पान खुडून बोटांत चुरगाळा आणि नाकाशी न्या. आधी गुलाबासारखा गोडसर आणि मागून आल्यासारखा तिखट वास येईल. आमच्याकडे या गवताला तिखाडी म्हणतात. खानदेशात त्यालाच रोशा म्हणतात. माझ्या आईच्या कोनाड्यात तिखाडीच्या तेलाची एक चपटी बाटली कायम असे. थंडीच्या दिवसांत तिचे गुडघे धरले की ती बाटली निघायची आणि घरभर तो वास दरवळायचा.

या गवताच्या शास्त्रीय नावात एका फ्रेंच सैनिकाचे नाव दडलेले आहे, हे मला वयाच्या साठीनंतर कळले. त्या सैनिकाची गोष्ट आज सांगायची आहे. पण ती सांगण्याआधी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे, कारण त्या चुकीमुळेच मी या माणसाच्या मागे लागलो.

मी उभी हयात बँकेत काढली. रात्री कादंबऱ्या लिहिल्या, दिवसा कर्जाची प्रकरणे तपासली. १९८८ साली काटोल भागातल्या एका शाखेत शेती कर्जाचा अधिकारी म्हणून माझी बदली झाली. काटोल म्हटले की लोकांना संत्री आठवतात, आणि तेव्हा तर संत्र्याशिवाय दुसरा विषयच नव्हता. ज्याच्याकडे विहीर होती तो संत्रा लावत होता, ज्याच्याकडे नव्हती तो विहिरीसाठी कर्ज मागत होता. अशात एक शेतकरी वेगळीच मागणी घेऊन आला. गावाच्या वरच्या अंगाला त्याची चार एकर उताराची जमीन होती. तीवर तिखाडी माजलेली. त्याचा बाप उमेदीच्या वयात मेळघाटात रोशाच्या भट्टीवर कामाला होता. मुलाला ते काम ठाऊक होते. तेल काढण्यासाठी तांब्याची देग घ्यायला बँक पैसे देईल का, असे तो विचारत होता.

मी जमीन पाहायला गेलो. तो मला उतारावर हिंडवून बरेच काही सांगत होता. वरच्या कोरड्या भागातली तिखाडी ती मोतिया, खाली नाल्याकाठी वाढते ती सोफिया, तेल मोतियाचे चांगले, वगैरे. मला दोन्ही सारखीच दिसत होती, आणि पायमोज्यांत कुसळे घुसत होती. देगेसाठी कर्ज द्यावे अशी योजना आमच्या यादीत नव्हती. मी त्याला समजावले की, या भानगडीत पडू नकोस, संत्रा लाव, विहिरीसकट प्रकरण करून देतो. अहवालात मी त्या उताराची नोंद पोटखराब अशी केली. सात-बारा पाहणाऱ्यांना हा शब्द माहीत असतो. लागवडीच्या उपयोगाची नाही ती जमीन पोटखराब. त्यावरच्या गवताची किंमत मी शून्य मांडली, आणि खर्चाच्या रकान्यात ते काढून टाकण्याची मजुरी लिहिली.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाताना वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक सोबतीला असत. एकदा टेकडीवर त्यांनी तिखाडीचे एक ताट उपटून मला गवताची ओळख कशी पटवायची ते दाखवले. आपण घरी लावतो तो गवती चहा हा तिचा सख्खा चुलतभाऊ. पण गवती चहाचे पान बुडाशी निमुळते होत जाते, आणि तिखाडीचे पान बुडाशी रुंद, बदामाच्या आकाराचे असते आणि खोडाला मिठी मारून बसते. गवती चहाला लिंबाचा वास, हिला गुलाबाचा. एवढे पाहिले की चूक होत नाही. मग त्यांनी शास्त्रीय नाव सांगितले, सिंबोपोगॉन मार्टिनाय. हा मार्टिन कोण, म्हणून विचारले तर म्हणाले की कोणी एक जनरल होता, लखनौचा.

लखनौचा मार्टिन म्हणताच मी थबकलो. अनेक वर्षांपूर्वी बँकेच्या प्रशिक्षणासाठी लखनौला गेलो असताना एका रविवारी ला मार्टिनियर शाळेची ती अवाढव्य इमारत पाहिली होती. पुतळे, कमानी, सिंह आणि तळघरात तिच्या मालकाची कबर. तोच हा. क्लॉद मार्टिन.

त्याचा जन्म ५ जानेवारी १७३५ रोजी फ्रान्समधल्या लियों शहरात झाला. घराणे श्रीमंत नव्हते. वडील पिंपे बनवत आणि सिरक्याचा धंदा करत. पोराला धंद्यात रस नव्हता. १७५१ साली, सोळा वर्षांच्या वयात, तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपाई म्हणून भरती झाला आणि जहाजात बसून हिंदुस्थानात आला. पाँडिचेरीला तेव्हा डुप्लेचा अंमल होता. कर्नाटकात फ्रेंच आणि इंग्रज एकमेकांच्या उरावर बसले होते. अनेक वर्षे मार्टिन फ्रेंचांच्या बाजूने लढला. पण डुप्ले परत गेला, लालीची कारकीर्द आली, शिपायांचे पगार थकले, रसद संपली. १७६० मध्ये पाँडिचेरीभोवती इंग्रजांचा फास आवळत असताना मार्टिन बाजू बदलून इंग्रजांना मिळाला. पुढे १७६१ च्या जानेवारीत पाँडिचेरी पडलीच.

याला फितुरी म्हणायचे की शहाणपण, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्याकडेही त्या काळात अरब, पठाण, फ्रेंच, पोर्तुगीज असे कितीतरी शिपाई आज या सरदाराकडे तर उद्या त्या सरदाराकडे चाकरी करत. मार्टिन त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हता. वेगळा होता तो पुढच्या आयुष्यात.

इंग्रजांनी त्याला बंगालमध्ये अधिकारी केले आणि जमीन मोजण्याच्या कामावर लावले. त्या काळी बंगालची मोजणी जोरात चालू होती. प्रदेश हाती आला होता, पण त्यात नद्या कुठून वाहतात आणि वाटा कुठून जातात हे नव्या मालकाला ठाऊक नव्हते. मार्टिन साखळी आणि होकायंत्र घेऊन बंगालमध्ये आणि नंतर अवधमध्ये हिंडला. मला वाटते, त्याच्या नजरेचे खरे शिक्षण इथे झाले. मोजणीदाराला पायाखालची जमीन वाचावी लागते. उतार कुठे आहे, पाणी कुठे मुरते, कुठे साचते, काठावर काय उगवते, हे पाहिल्याशिवाय त्याचा नकाशा पुरा होत नाही.

१७७६ साली तो लखनौला आला. नवाब असफउद्दौलाने नुकतीच आपली राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली होती. त्याच्या तोफखान्याचा आणि शस्त्रागाराचा प्रमुख म्हणून कंपनीने मार्टिनची नेमणूक केली. इथून पुढची चोवीस वर्षे लखनौ हेच त्याचे घर झाले.

आता माझ्यातला बँकवाला जागा होतो. मार्टिनचा पगार काही फार मोठा नव्हता. पण लखनौ हे खर्चिक शहर होते आणि नवाबाचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत होता. मार्टिन व्याजाने पैसे देऊ लागला. नवाबाला दिले, सरदारांना दिले, युरोपियन मित्रांना दिले. घरे बांधून भाड्याने दिली. कापडाचा व्यापार केला. कानपूरजवळ नजफगढला निळीची शेती आणि कारखाना काढला. काही वर्षांत तो हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत युरोपियनांपैकी एक झाला. हिशेबाला चोख, वसुलीला पक्का आणि कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर. आमच्या शाखेत असता तर भराभर बढत्या मिळाल्या असत्या.

पण असा माणूस तिजोरीवर हात ठेवून बसला असता तर मला त्याच्याबद्दल लिहावेसे वाटले नसते. त्याला सगळ्याच गोष्टींची उत्सुकता होती. गोमतीच्या काठावर त्याने फरहत बक्ष नावाचे घर बांधले. त्याचे खालचे मजले नदीच्या पातळीला होते. उन्हाळ्यात तो तळाच्या गारव्यात राही, पावसाळ्यात पाणी चढले की वरच्या मजल्यावर जाई. फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये गरम हवेचा फुगा उडवला, आणि दोनच वर्षांनी मार्टिनने लखनौच्या आकाशात तसे फुगे उडवून दाखवले. विलायतेहून वाफेचे इंजिन मागवले. हजारो पुस्तकांचे ग्रंथालय जमवले. झोफानी नावाचा प्रसिद्ध चित्रकार लखनौला आला तेव्हा त्याची अनेक चित्रे मार्टिनने घेतली. लखनौच्या देशी चितारांना त्याने पक्षी, प्राणी आणि वनस्पतींची चित्रे काढायला बसवले. अशी शेकडो चित्रे त्याच्या संग्रहात होती.

त्याची सर्वांत विलक्षण गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. त्याला मूतखड्याचा आजार होता. १७८२ च्या सुमारास वेदना असह्य झाल्या तेव्हा त्याने स्वतःच एक बारीक कानशीसारखी तार तयार केली, ती मूत्रमार्गातून आत सारून दिवसातून अनेकदा खडा थोडा थोडा घासत राहिला, आणि काही महिन्यांत स्वतःला बरे केले. भूल देण्याचे औषध तेव्हा जगात नव्हते. खडा शरीराच्या आतच फोडून काढण्याची शस्त्रक्रिया युरोपात रुळायला अजून चाळीसेक वर्षे होती.

त्याच्या आयुष्यातली दुसरी बाजूही लपवू नये. त्याने लग्न केले नाही. त्याच्या घरात बोलोन नावाची मुलगी होती. ती लहान असताना त्याने तिला पैसे देऊन विकत घेतले होते, वाढवले होते आणि पुढे तीच त्याची सहचारिणी झाली. मृत्युपत्रात त्याने तिची आजन्म व्यवस्था केली, घरातल्या गुलामांना मुक्त केले, हे खरे. पण ज्या माणसाला प्रत्येक वस्तूची किंमत कळत होती, त्याने एका लहान मुलीचीही किंमत मोजली होती. हे वाचताना मन खट्टू होते.

आता गवताकडे येतो. १७९० साली टिपू सुलतानाशी इंग्रजांचे तिसरे युद्ध सुरू झाले. इंग्रज, निजाम आणि पेशवे असे तिघे एका बाजूला होते. मार्टिनने कंपनीला घोडेस्वारांच्या तुकडीसाठी स्वतःच्या पैशाने घोडे दिले आणि पंचावन्नाव्या वर्षी स्वतःही लॉर्ड कॉर्नवॉलिसबरोबर मोहिमेवर गेला.

ही मोहीम आपल्याही इतिहासाचा भाग आहे. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या दाराशी पोचला, पण त्याला मागे फिरावे लागले. टिपूच्या तोफांइतकेच त्याला चाऱ्याने हरवले. तोफा ओढणारे बैल हजारोंनी मेले. वेढ्याच्या अवजड तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी करून टाकाव्या लागल्या. उपाशी, आजारी फौज परतत असताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. त्यांच्याबरोबर भरलेला बाजार होता. धान्य होते, जनावरे होती. इंग्रजांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या वर्षी १७९२ मध्ये तह झाला.

अशा मोहिमेत प्रत्येकाचे लक्ष जनावर काय खाते याकडे लागलेले असणार. मार्टिनचे तर होतेच. घाटावरच्या त्या कोरड्या माळावर त्याला एक उंच सुगंधी गवत दिसले. गुरे त्यावर तुटून पडत होती. आणि ते खाल्लेल्या गुरांच्या मांसाला, दुधाला, लोण्यालाही त्याचा वास येत होता. इतरांच्या दृष्टीने तो चारा होता. मार्टिनने त्याचे बी गोळा केले, जपून लखनौला नेले आणि पेरले. ते रुजले, माजले, आणि लखनौहून पुढे कलकत्त्याच्या बागेत गेले.

कलकत्त्याला कंपनीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग होता. हा स्कॉटिश डॉक्टर १७९३ पासून वीस वर्षे तिथे राहिला आणि हिंदुस्थानातल्या हजारो वनस्पतींची त्याने पद्धतशीर वर्णने केली. त्याने हे गवत वाढवून पाहिले, वर्णन लिहिले, ते कोणी, कुठून आणि कोणत्या युद्धाच्या वेळी आणले याची नोंद केली आणि आणणाऱ्याचे नाव गवताला दिले, अँड्रोपोगॉन मार्टिनाय. मार्टिन १७९५ मध्ये मेजर जनरल झाला होता, म्हणून नोंदीत तो जनरल मार्टिन आहे.

या नोंदीतल्या एका शब्दाने माझी चांगलीच फसगत केली. बी कुठून आणले, तर बालाघाटहून, असे तिथे आहे. मला वाटले, बालाघाट म्हणजे आपल्या गोंदियाच्या पलीकडचा. मोठा आनंद झाला की मार्टिनसाहेब आपल्या दारावरून गेला. पण तारखा जुळेनात. टिपूशी लढणारी फौज गोंदियाकडे कशाला येईल? मग उलगडा झाला. तो बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये तयार झाला. मार्टिनच्या काळी घाटाच्या वरच्या मुलखाला बालाघाट आणि खालच्या मुलखाला पायीनघाट म्हणत. आपल्या वऱ्हाडातही हे दोन शब्द अगदी अलीकडेपर्यंत होतेच. म्हणजे रॉक्सबर्गने खरे तर गाव सांगितलेच नव्हते, त्याने जागेची जात सांगितली होती. घाटमाथ्यावरची उंच, कोरडी, निचऱ्याची जमीन. काटोलचा उतार मैसूरपासून शेकडो कोस दूर असला, तरी त्याच जातीचा आहे, म्हणून तेच गवत इथेही आहे. ते कोणी आणून लावलेले नाही. मार्टिन जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ते इथलेच आहे.

मार्टिनला आपले नाव छापलेले पाहायला मिळाले नाही. १ जानेवारी १८०० रोजी त्याने मृत्युपत्र केले आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला लखनौला त्याचे निधन झाले. मृत्युपत्र म्हणजे एका हिशेबी माणसाने मांडलेला आयुष्याचा ताळेबंद आहे. लखनौ, कलकत्ता आणि जन्मगाव लियों या तिन्ही शहरांत शाळा काढण्यासाठी त्याने मोठमोठ्या रकमा ठेवल्या. गरिबांना दानधर्म, नोकरांना निवृत्तिवेतन अशी व्यवस्था केली. कॉन्स्टान्शिया हा त्याचा भव्य वाडा तेव्हा अपुराच होता. त्याच्या तळघरात आपल्याला पुरावे असे त्याने लिहून ठेवले. नवाबाने वाडा बळकावू नये म्हणून ही युक्ती केली, असे लखनौत सांगतात. मुसलमान राजा कबरीवर हक्क सांगणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

हिशेब पक्का असला तरी कोर्टाला घाई नव्हती. मृत्युपत्रावरून वर्षानुवर्षे दावे चालले. लियोंची शाळा १८३३ मध्ये सुरू झाली, कलकत्त्याची १८३६ मध्ये आणि लखनौची १८४५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. १८५७ च्या धामधुमीत त्याची कबर फोडली गेली आणि हाडे विखुरली गेली. ती नंतर गोळा करून पुन्हा पुरली. ग्रंथसंग्रह आणि चित्रे लिलावांत पांगली. शाळा मात्र तिन्ही शहरांत अजून चालू आहेत.

आणि गवत? रॉक्सबर्गही १८१५ मध्ये वारला. त्याचा फ्लोरा इंडिका हा ग्रंथ हस्तलिखितातच होता. त्याचा पहिला खंड १८२० मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीने छापला. मराठी वाचकांना कॅरी परका नाही. मराठीचे पहिले छापील व्याकरण १८०५ मध्ये त्याच श्रीरामपुरात याच कॅरीने काढले. तेव्हा मराठीच्या व्याकरणाचे आणि आपल्या तिखाडीच्या नावाचे छपाईचे गाव एकच आहे.

पुढे या जातीच्या सुगंधी गवतांचा शास्त्रज्ञांमध्येच इतका गोंधळ झाला की एकाचे नाव दुसऱ्याला लागू लागले. लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या ऑटो श्टाफ यांनी १९०६ मध्ये हिंदुस्थान आणि सिलोनच्या तेलगवतांवर मोठा निबंध लिहून ते निस्तरले. तरीही एक कोडे उरले. एकाच तिखाडीपासून कधी उंची तेल निघते, तर कधी हलके. बर्किल या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते सोडवले. रोशाचे दोन प्रकार आहेत. पहिल्याची पाने खोडापासून जवळजवळ काटकोनात फुटतात, झुडपे सुटी सुटी असतात आणि ते उघड्या, कोरड्या उतारावर वाढते. दुसऱ्याची पाने वरच्या बाजूला खोडाकडे झुकलेली असतात, ते दाट वाढते आणि त्याला जास्त ओल आणि सावली चालते. पहिल्याच्या तेलात गुलाबाच्या वासाचे जिरॅनिऑल भरपूर, दुसऱ्यात कमी. तुकडा हातात घेऊन ओळख पटवणे कठीण, पण ते उभे कुठे आहे हे पाहिले की ओळख सोपी होते.

या दोन प्रकारांना बर्किलने नावे दिली नाहीत. तेल काढणाऱ्यांत चालत होती तीच त्याने घेतली. मोतिया आणि सोफिया.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. १९८८ साली त्या उतारावर, माझ्या पायमोज्यांत कुसळे घुसत असताना, त्या शेतकऱ्याने मला हेच सांगितले होते. वरची मोतिया, खालची सोफिया. त्याच्या बापाने ते भट्टीवर शिकले होते. अशा भट्ट्या मेळघाटात, निमाडात, बैतुलात आणि खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारकडे ओढ्यांच्या काठी लागत. देगेत गवताचे तुरे कोंबायचे, पाणी घालून खाली जाळ लावायचा, वाफ नळीतून थंड पाण्यातल्या भांड्यात न्यायची आणि वर तरंगलेले तेल काढून घ्यायचे. ते तेल सुरत-मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि तिथून इस्तंबूलला जाई. तिथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात त्याची भेसळ होई. युरोपात ते तुर्की जिरेनियमचे तेल या नावाने विकले जाई. ते आपल्या डोंगरातून येते याचा तिथल्या गिऱ्हाइकाला पत्ता नसे. ज्याची मी शून्य किंमत मांडली, ते एकेकाळी इस्तंबूलच्या बाजारात गुलाबाच्या भावात खपत होते.

त्याहून मोठी गोष्ट मला उशिरा उमगली. उतारावर मोतिया उभी होती, याचा अर्थ तिथे माती उथळ होती आणि पाणी टिकत नव्हते. संत्र्याला खोल माती लागते. म्हणजे त्या जमिनीचा अहवाल मी जाण्याआधीच तिथे लिहिलेला होता. तो वाचता येणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्यावर माझा अहवाल लिहिला.

संत्रा लावला गेला. चार-पाच वर्षे झाडे बरी दिसली. मग मुळे मुरमाला टेकली, विहिरीचे पाणी खाली गेले, आणि एकेक झाड शेंड्यापासून वाळत आले. १९९७ साली मी वसुलीच्या विभागात होतो. थकबाकीच्या यादीत ते नाव माझ्या टेबलावर आले. नोटिशीवर सही माझी गेली. त्याने खालची चांगली दीड एकर विकून पैसे भरले. नियमाने सगळे बरोबर होते.

गेल्या दिवाळीत मी तिथे जाऊन आलो. तो आता नाही. मुलाने ओळखले नाही, पण नाव सांगितल्यावर आत बोलावले, चहा केला. मला वाटले होते काही बोलेल. तो काही बोलला नाही. मीच सांगितले की चूक माझी होती. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग मला वर घेऊन गेला. वाळलेल्या झाडांची खोडे केव्हाच सरपणाला गेली होती. दोन एकरांवर तिखाडी परत आली होती. पाने आडवी, झुडपे सुटी सुटी. या खेपेस मला ओळखता आली.

त्याला मी मार्टिनसाहेबाची गोष्ट सांगितली. शस्त्रक्रियेची गोष्ट ऐकून त्याने कानावर हात ठेवले. बी लखनौला नेऊन पेरले म्हटल्यावर त्याने विचारले की मग तिकडे अजून होते का. होते तर. सुगंधी वनस्पतींवर काम करणारी देशाची मोठी संस्था, सीमॅप, लखनौलाच आहे. रोशाच्या सुधारित जाती तिने काढल्या आहेत आणि शेतकरी त्या लावतात. उथळ, कोरड्या जमिनीसाठीच त्यांची शिफारस होते. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने तेच विचारले, जे त्याच्या बापाने विचारले होते. देगेसाठी बँक पैसे देते का?

मी आता खुर्चीवर नाही. पण अर्ज कसा लिहायचा ते मला येते. त्याच्या ओसरीवर बसून मी तो लिहायला घेतला. जमिनीचा गट, क्षेत्र, चतुःसीमा. पुढच्या रकान्यात जमिनीवर सध्या काय आहे ते विचारले होते. तिथे मी लिहिले, तिखाडी, मोतिया जात, दोन एकर. किंमत किती मांडायची ते त्याला विचारले, आणि त्याने सांगितला तोच आकडा लिहिला.